दबका बार

शेजारचे म्हातारबुवा बंदूक भरायला बसले की बोलत नाहीत. पितळी मापात काळी दारू घेतात. शंभर ग्रेन, म्हणजे आपल्या हिशोबाने साडेसहा ग्रॅम. ती नळीच्या तोंडातून आत सोडतात आणि सगळे दाणे बुडाशी बसावेत म्हणून नळीला तळहाताने दोन चापट्या मारतात. मग शिशाची गोळी, करंगळीएवढी जाड. आखूड दांडीने ती तोंडात दाबायची आणि लांब गजाने एका दमात खाली न्यायची. गजावर त्यांनी चाकूने एक रेघ कोरली आहे. रेघ नळीच्या तोंडाशी आली की गोळी दारूवर टेकली असं समजायचं. मध्ये फट राहिली तर नळी फुटण्याची भीती असते. रेघ जागेवर आहे ना, हे ते स्वतः दोनदा बघतात आणि तिसऱ्यांदा मला बघायला लावतात.

यंदा त्यापुढे एक काम वाढलं. कापडात गुंडाळलेलं वीतभर लांबीचं काळं नळकांडं त्यांनी पिशवीतून काढलं आणि नळीच्या टोकाच्या आट्यांवर फिरवून घट्ट बसवलं. सायलेन्सर. पैठणीवर स्पोर्ट्‌स शूज घातल्यासारखं दिसत होतं ते. ठिणगी पाडणारी केप सगळ्यात शेवटी लावायची, हा नियम मात्र बदललेला नाही.

*

हे सगळं पेनसिल्व्हेनियातलं. ऑक्टोबरात इथे एक आठवडा ठासणीच्या बंदुकीने हरणाची मादी मारायला परवानगी असते. हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं. पळताना ती शेपटी झेंड्यासारखी उभी करतं आणि झाडीत तेवढीच दिसत राहते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ही हरणं पाचेक लाखांवर आली होती. आता तीन कोटींच्या घरात आहेत. माझ्या भाजीच्या वाफ्याला त्यातली चार-पाच पुरतात. मेथी ठेवतात, पालक ठेवत नाहीत.

मी शिकार करत नाही. बाकावर बसतो, कॉफी पितो, गज धरायला मदत करतो आणि घरी येऊन टिपणं काढतो.

*

शब्दांची गंमत. अमेरिकन माणूस गाडीच्या धुराड्याला मफलर म्हणतो. आपल्याकडे मफलर गळ्यात आणि सायलेन्सर बुलेटला. पुण्या-मुंबईचे पोलीस ज्या फटफटणाऱ्या सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवतात, त्यांचं नाव इथे फक्त बंदुकीच्या नळकांड्याला आहे. तेही कायद्याच्या पुस्तकात. दुकानदार त्याला सप्रेसर म्हणतात, शिकारी नुसतं कॅन म्हणजे डबा म्हणतात, आणि इंग्लंडात तेच मॉडरेटर होतं. ज्या वस्तूला चार नावं लागतात तिच्याविषयी लोकांच्या मनात काहीतरी खळखळ असते.

गंमत अशी की आपल्या गॅरेजवाल्याचं बरोबर आहे. गाडीचा आणि बंदुकीचा सायलेन्सर एकाच माणसाच्या हातून पुढे आले.

*

तो माणूस हायरम पर्सी मॅक्सिम. बाप हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम, १८८४ ची मशीनगन काढणारा. मूळचा मेन राज्यातला, पुढे इंग्लंडात जाऊन सर झाला. आयुष्यभर बारांच्या सोबतीत राहून शेवटी ठार बहिरा झाला. मुलाने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं. त्याच डोक्याने मोटारींच्या इंजिनांचे आवाजही दाबले. १९१४ मध्ये याच मुलाने हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकेतली मोठी संघटना उभी केली. बापाने जगाच्या कानठळ्या बसवल्या आणि पोरगं जन्मभर कान लावून बसलं.

मुलाचं बिऱ्हाड कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला. आज त्या राज्यात सायलेन्सर बाळगता येतो, पण तो लावून शिकार करता येत नाही.

थिओडोर रूझवेल्ट शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून आपल्या विंचेस्टरला मॅक्सिमचा सायलेन्सर लावत, असं सांगतात. राष्ट्राध्यक्षपद भूषवलेल्या माणसालाही शेजारी असतात, हे ऐकून बरं वाटतं.

*

सिनेमातलं ‘फुस्स’ विसरायचं. साध्या शिकारी रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४० च्या वर एकच बार कानाला कायमची इजा करू शकतो. सायलेन्सर त्यातले वीस ते पस्तीस डेसिबल खातो. उरतो तोही दार जोरात आपटल्यासारखा असतोच.

आत काय असतं? एकामागे एक पडदे, मध्ये गोळीपुरतं भोक. गोळी सरळ निघून जाते. तिच्या मागून येणारा तापलेला वायू या खोलीतून त्या खोलीत अडखळत, पसरत, थंड होत बाहेर येतो. आपली जुनी वाड्यातली माणसं दिंडी दरवाजा, देवडी, चौक असं करत बाहेर पडायची, रस्त्यावर यायच्या आत त्यांचा राग निम्मा व्हायचा. तसंच काहीसं.

ठासणीच्या बंदुकीची पंचाईत म्हणजे तिची गोळी जाडी. अर्ध्या इंचाची गोळी म्हणजे भोकही तेवढंच मोठं, आणि मोठ्या भोकातून वायूला पळवाट मिळते. शिवाय बरेच लोक बारीक गोळी प्लॅस्टिकच्या टोपणात बसवून भरतात. तोंडातून बाहेर पडताच त्या टोपणाच्या पाकळ्या उघडतात. नळकांड्याच्या आतच उघडल्या तर पडद्यांना घासतात. म्हणून म्हातारबुवा नळीभर जाडीची, बिनटोपणाची शिशाची गोळी वापरतात. त्यांच्या पिशवीत ती शेंगदाण्याच्या रिकाम्या बरणीत असते आणि चालताना खडखडते. दबक्या आवाजाची बंदूक घेतलेला माणूस खडखडत जंगलात जातो.

*

पहिला बार मी कान न झाकता ऐकला. (चूक केली, पुन्हा करणार नाही.) नेहमीच्या ठासणीच्या बंदुकीचा बार पोटात ऐकू येतो. धडाडधूम, मग दरीतून त्याचा परतीचा प्रवास. हा ‘धप्प’ असा झाला, गादी झटकल्यासारखा. पण त्याच्या लगेच मागे, वरच्या वर, चाबूक ओढल्यासारखा कडाका.

तो कडाका गोळीचा. शंभर ग्रेन दारूवर गोळी आवाजाहून वेगाने सुटते. आवाज स्वतः जातो सेकंदाला ३४३ मीटरने, थंडीत त्याहून थोडा हळू. आवाजाच्या पुढे पळणारी वस्तू वाटेभर हवा फाडत जाते आणि त्याला कुठलंच नळकांडं काही करू शकत नाही. दारू कमी घालून गोळी सावकाश सोडली तर कडाका जाईल. पण अशी गोळी हरणाला धड लागत नाही, ते जखमी होऊन पळतं. म्हातारबुवा म्हणतात, त्यापेक्षा माझे कान गेलेले परवडले. त्यांचा डावा कान गेलेलाच आहे.

*

सायलेन्सरवाल्या ठासणीच्या बंदुकीची खरी गोष्ट कायद्याची आहे, आणि ती वकिलांनी संध्याकाळी चहाबरोबर सांगावी अशी आहे.

१९३४ साली अमेरिकेने मशीनगन, आखूड नळीच्या बंदुका आणि सायलेन्सर यांवर दोनशे डॉलरचा कर बसवला. तेव्हाचे दोनशे म्हणजे आजचे साडेचार हजारांच्या पुढे. पुढची नव्वद वर्षं आकडा तोच राहिला, म्हणजे दर वर्षी तो आपोआप स्वस्त होत गेला. सोबत बोटांचे ठसे, फोटो, नोंदणी आणि कित्येक महिन्यांची वाट.

आता कायद्यातली व्याख्या बघा. सायलेन्सर म्हणजे ‘बंदुकीचा’ आवाज दाबणारी वस्तू. आणि ठासणीची बंदूक? काळ्या दारूवर चालणारी, तयार काडतूस न घेणारी बंदूक केंद्राच्या कायद्यात पुराणवस्तू ठरते, बंदूक ठरतच नाही. मग जी बंदूकच नाही तिला कायमचं चिकटवलेलं नळकांडं सायलेन्सर कसं? युटा राज्यातल्या सायलेन्सरको कंपनीने २०१७ साली नेमकं हेच केलं. पन्नास कॅलिबरची ठासणीची बंदूक, नळकांडं तिला जन्माचं जोडलेलं, किंमत ९९९ डॉलर. ना कर, ना ठसे, ना नोंदणी. टपालाने घरपोच. नाव ठेवलं मॅक्सिम ५०, म्हणजे हार्टफर्डच्या पोराला नमस्कार.

नळकांडं काढता येत नाही, म्हणून ते सायलेन्सर नाही. काढता आलं असतं तर झालं असतं. आमच्याकडे भाडेकरूला हलवता न येणं हाच त्याच्या हक्काचा पुरावा असायचा, त्याची आठवण झाली.

काढता न येणाऱ्या नळकांड्यातून भरायचं म्हणजे मात्र दारू, गोळी, गज सगळं त्या पडद्यांच्या भोकांतूनच जाणार. सुई ओवण्याचं काम. म्हातारबुवांना हे झेपणारं नव्हतं. त्यांनी पूर्वीच दोनशे डॉलर भरून साध्या रायफलसाठी रुंद भोकाचा सायलेन्सर घेतला होता, तोच इथे लावतात. भरताना काढतात, भरून झाल्यावर लावतात.

१ जानेवारी २०२६ पासून सायलेन्सरवरचा तो कर शून्य झाला. नोंदणी, ठसे, फोटो तसेच आहेत. दोनशे डॉलर भरलेल्यांच्या चेहऱ्यावर आता लसूण स्वस्त झाल्यावरचा भाव आहे. परवाच तर शंभरने घेतला होता!

*

नॉर्वेत सायलेन्सर विनापरवाना मिळतो. तिथे तो शेजारधर्म समजतात. आपल्या मनातला खुनी लोक वापरतात तो सायलेन्सर आणि त्यांच्या दुकानातल्या खुंटीवर टांगलेला सायलेन्सर ही एकच वस्तू आहे, हे पटायला वेळ लागतो. मलाही लागला.

अमेरिकेतल्या आठ राज्यांत तो सामान्य माणसाला ठेवता येत नाही. आमच्या उत्तरेला न्यूयॉर्क, पूर्वेला न्यू जर्सी, दक्षिणेच्या कोपऱ्यात डेलावेअर, तिन्ही त्यातच. म्हातारबुवा मुलीकडे जर्सीला जाताना गाडीची डिकी दोनदा तपासतात.

*

मामाला फोनवर हे सगळं सांगितलं. मामा कुडाळ तालुक्यातला. त्याच्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, आजोबांपासूनची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची, नंबराची चिठ्ठी बांधून, गावातल्या इतर बंदुकांच्या रांगेत. निकाल लागल्यावर सगळे आपापली घेऊन यायचे. शाळा सुटल्यासारखं.

लहानपणी मी तिच्या जवळ जायचो ते वासासाठी. तेल, गंज, धूर. मामा तिच्यात गोळी क्वचितच घालायचा. दारू, वर सोडणाचा बोळा, गजाने ठासला की झालं. नारळावर वानरांची टोळी आली की आकाशाकडे तोंड करून कोरा बार. रात्री भातात डुकरं उतरली की दुसरा. वानरं शेजारच्या वाडीत जायची, तिथून थोड्या वेळाने दुसऱ्या कुणाचा बार ऐकू यायचा आणि ती परत आमच्याकडे. दुपारभर बारांची अशी ये-जा चालायची आणि त्यावरून कोण घरात आहे, कोण बाजारला गेलाय, हे कळायचं.

मी म्हटलं, इथे बंदुकीला आवाज न होण्यासाठी नळकांडं लावतात.

मामा थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, “मेल्या, आवाजच नाय तर बंदूक कित्याक व्हयी?”

*

मामाच्या प्रश्नाला आपल्याकडचं एक उत्तर आहे आणि ते चांगलं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, चोरून चालू राहिली. कोकणातल्या पेपरात ठासणीच्या बंदुकीसह पकडल्याच्या बातम्या येत असतात. रात्री जंगलात बार झाला की गावाला, वनरक्षकाला दिशा तरी कळते. बार गप्प झाला तर तीही कळणार नाही.

इथेही सायलेन्सरचे विरोधक हेच म्हणतात. म्हातारबुवांचं म्हणणं, चोराला काय, धनुष्यबाण आहेच, तो केव्हाचा गप्प आहे. मुद्दा बिनतोड वाटतो. पण एका बंदुकीपुरता बिनतोड असलेला मुद्दा शंभर बंदुकांना लागू पडेलच असं नाही, असं मला वाटतं. यावर आमचं दर रविवारी भांडण होतं. कॉफी ते देतात, म्हणून मी फार ताणत नाही.

*

मराठीत बंदुकीशिवायही बार खूप आहेत. लग्नाचा बार उडवतात. फुसका बार निघतो. तपकिरीचा, तंबाखूचा बार भरतात. गंमत म्हणजे तंबाखूचा बारही तोंडातूनच ठासतात, आणि तो एकच दबका असतो.

*

या ठासणीच्या हंगामाची मूळ कल्पना अशी की शिकाऱ्याला एकच गोळी मिळावी, तीही पुरेशा खटाटोपानंतर. पेनसिल्व्हेनियाने १९७४ साली खास हंगाम सुरू केला, हल्ली तो नाताळानंतर असतो, त्यात फक्त चकमकीची बंदूक. तोही एक अभिमान आहे. अठराव्या शतकात लँकेस्टरच्या बाजूला जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या, पुढे त्यांना केंटकी रायफल म्हणू लागले, आणि त्याचं दुःख इथल्या लोकांना अजून आहे.

पुढे १९८५ साली मिझुरीतल्या टोनी नाइट यांनी एमके-८५ काढली. ठिणगी थेट दारूच्या मागून, सरळ रेषेत. पावसातही पेटते, दुर्बीण बसते. ठासणीची आहे, म्हणजे नियमात बसते, पण पणजोबाने ओळखली नसती. मग राज्यं एकेक कलम घालत बसली. कोलोरॅडोत दुर्बीण नको, टोपण नको. आयडाहोत उघडा घोडा हवा. उपासाला काय चालतं याची आमच्या घरातली यादी अशीच वाढत गेली होती. साबुदाणा चालतो म्हटल्यावर वडे आले.

सायलेन्सर त्या यादीतला ताजा वडा आहे. मला त्यात वाईट काही दिसत नाही, पण त्याला उपास म्हणू नये.

चकमकीच्या बंदुकीला मात्र सायलेन्सर लावून उपयोग नाही. तिच्यात अर्धा तमाशा नळीच्या बाहेर. गारगोटी पोलादावर आपटते, वाटीतली रंजक दारू भडकते, नळीच्या बाजूच्या भोकातून आग आत जाते. सगळं गालापासून चार बोटांवर. आणि कधी कधी नुसती रंजकच पेटते, फुर्र, आत काही होत नाही. हरीण मान वर करून बघतं. म्हातारबुवांकडे तीही एक आहे, भिंतीवर. जानेवारीत काढतात.

*

काळ्या दारूत पंचाहत्तर टक्के सोरा, पंधरा कोळसा, दहा गंधक. यातला सोरा कितीतरी काळ आपल्या बिहारातून जगभर जायचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटल्यावर डेलावेअरच्या दारू कारखान्यातल्या लॅमॉट ड्यूपाँ यांनी इंग्लंडात जाऊन हिंदुस्थानी सोरा मिळेल तेवढा विकत घेतला. तो कारखाना आमच्या घरापासून गाडीने दोन तासांवर, ब्रँडीवाइन नदीकाठी. आता तिथे संग्रहालय आहे.

*

शिकारीची मला आवड नाही, पण बंदुकीचं धुणं मी आवडीने बघतो.

साडेसहा ग्रॅम काळी दारू जळली की तिच्या निम्म्याहून जास्त वजनाची घाण मागे राहते. धुरात, नळीत आणि आता नळकांड्यात. ही राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड खाते. त्यामुळे बार झाला की त्याच दिवशी धुतलीच पाहिजे, अंगाला कितीही कंटाळा असो. नुसती नळी धुणं सोपं. बादलीत गरम पाणी, थोडा भांड्यांचा साबण, बुडाकडचं टोक पाण्यात आणि वरून चिंधी गुंडाळलेला गज खाली-वर, पिचकारीसारखा. पाणी शाईसारखं होतं आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. आपल्याला तो ओळखीचा असतो. भाऊबीजेच्या सकाळी अंगणात असतो तोच.

नळकांड्याचं तसं नाही. साध्या रायफलच्या दारूने ते वर्षभर फारसं मळत नाही. काळ्या दारूचे पाच बार झाले आणि म्हातारबुवांनी उघडलं, तर पडदे एकमेकांना चिकटलेले. गुळाच्या ढेपेसारखे. त्यांनी ते रात्रभर भिजत घातले. सकाळी जुन्या टूथब्रशने एकेक पडदा घासला, टॉवेलवर ओळीने मांडला. दागिने धुतल्यासारखं. त्यांच्या पत्नी, आजीबाई, म्हणाल्या, “माझी भांडी एवढी कधी घासली नाहीत.”

हल्ली काळ्या दारूऐवजी कमी राख करणाऱ्या दुसऱ्या दारवा मिळतात. आमच्या म्हातारबुवांना त्यांचा वास येत नाही म्हणून नको असतात.

*

या धुण्याची तयारी आजीबाई करतात. त्यांच्या घरामागे ओढा, पलीकडे जंगल. मचाण तिथे, घरापासून अर्ध्या मैलावर. चाळीसेक वर्षं त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून ऐकत आल्या आहेत. कुणाचा बार कुठला, हे त्यांना दिशेवरून कळतं. आपला असेल तर उठून गॅसवर पाण्याचं मोठं पातेलं ठेवतात. माणूस घरी पोचेपर्यंत पाणी तापलेलं असतं. एकच बार झाला तर मांसासाठी फ्रीजमध्ये जागा करतात. अर्ध्या तासाने दुसरा झाला तर करत नाहीत.

*

शनिवारी मी त्यांच्याकडेच होतो, पायची थाळी परत करायला (आजीबाईंनी भोपळ्याचा पाय दिला होता, थाळी रिकामी कशी द्यायची म्हणून मी चिवडा भरून नेला होता). आम्ही चिवडा खात बसलो. त्या मध्येच हात थांबवून खिडकीकडे कान लावत होत्या. दूर कुणाचे तरी दोन बार झाले. आपले नव्हेत, म्हणाल्या.

दिवस मावळायला मागचं दार वाजलं. नारिंगी जाकिटातले म्हातारबुवा, हात कोपरापर्यंत लाल, गालावर काजळी. मादी ओढ्यापर्यंत ओढून आणली होती, पुढे एकट्याला उचलेना. माझ्याकडे बघून म्हणाले, जरा येतोस का.

मी बूट घालू लागलो. आजीबाई गॅसकडे बघत उभ्या होत्या. पातेलं अजून कपाटातच होतं.